कळसूबाई, साल्हेर झालंय. किलीमांजारोसाठी ५ दिवसांचं मारंगू रूटचं पॅकेज पुरेल का?

नका घेऊ. ५ दिवसांचं विकतात कारण पार्कची फी दिवसावर असते, दिवस कमी केले की पॅकेज स्वस्त दिसतं. आणि आपले लोक घेतात कारण सुट्टी मिळत नाही. मारंगूला पहिली रात्र मंडारा हट २७२० मीटर, दुसरी होरोंबो ३७२०, तिसऱ्या दिवशी कीबो ४७२०, म्हणजे रोज हजार मीटर वर जाऊन झोपायचं आणि कीबोला तर धड झोपायचंही नाही, मध्यरात्री ५८९५ च्या शिखरासाठी निघायचं. ३००० च्या वर झोपायची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये म्हणतात, बघा आता. कळसूबाई १६४६ आहे, तिथे दम लागला नाही याचा इथे काही उपयोग नाही.

आमच्या घरात यावरून अजून वाद चालू आहे म्हणून एवढं लिहितेय. मिस्टरांचा गुडघा दुखत होता त्यामुळे मी आणि धाकटे भावोजी गेलो. भावोजी हाफ मॅरेथॉनवाले, सारखे घड्याळात पल्स बघणार. मी आपली सकाळी पांडवलेणी चढणारी बाई. मी म्हटलं होरोंबोला एक रात्र जादा घेऊ, तर म्हणे वहिनी उगाच पैसे कशाला घालवायचे. मिस्टर माझ्या बाजूने बोलले म्हणून ६ दिवसांचं झालं. आता ती जादा रात्र कशासाठी, तर त्या दिवशी झेब्रा रॉक्सपर्यंत वर जाऊन परत खाली यायचं, शरीराला सवय होते. हे गेलेच नाहीत, हटमध्ये पत्ते खेळत बसले. बाकीचे दिवस गाईड 'पोले पोले' (हळू हळू) म्हणून ओरडतोय आणि हे पोर्टरच्याही पुढे.

कीबोला जेवण गेलं नाही, डोकं धरून बसले, विचारलं तर म्हणे सर्दी आहे. रात्री तो घसरडा मुरूम, दोन पावलं वर गेलं की एक खाली. मी माझ्या गोगलगाय स्पीडने चालले होते. गिलमन्स पॉइंटला (क्रेटरची कड, ५६८५) पोचले तर भावोजी उलट्या करतायत, गाईडने टाचेला बोट लावून सरळ रेषेत चालायला सांगितलं तर तोल जातोय. त्याने तिथूनच असिस्टंटबरोबर खाली पाठवलं, वाद घालू दिला नाही, शाब्बास त्याची. मी क्रेटरच्या कडेकडेने स्टेला पॉइंटवरून उहुरूला, म्हणजे शिखरावर गेले, पाटीपाशी फोटोला रांग होती.

आता गंमत अशी की गिलमन्सचंही सर्टिफिकेट मिळतं. ते फ्रेम करून हॉलमध्ये लावलंय आणि गणपतीला येईल त्याला सांगणं चालू, 'आम्ही दोघांनी किलीमांजारो सर केला'. अहो, शिखर उहुरू आहे! २१० मीटर राहिले होते, आणि त्या हवेत ते दीड-दोन तासांचं काम आहे. क्रेटरच्या कडेला लागलो म्हणजे पोचलोच, हे त्यांचं लॉजिक. परत फिरले यात काहीच कमीपणा नाही, पण मग गिलमन्सपर्यंत गेलो म्हणा ना.

असो, तुमचं. ७ दिवसांचं मचामे रूटचं घ्या. त्यात लाव्हा टॉवरला ४६०० पर्यंत चढवून बारांकोला ३९०० च्या आसपास झोपायला उतरवतात, सवय चांगली होते. बारांको वॉलच्या कड्यावर हातांचा आधार घेऊन चढावं लागतं, साल्हेर केलेल्याला काही वाटणार नाही. तंबूत झोप येत नसेल तर मारंगूच करा पण ६ दिवसांचं, आणि झेब्रा रॉक्सला जा, पत्ते घरी ठेवा.

हां, फिट माणसालाच त्रास होतो असं नाही, कोणालाही होऊ शकतो, मलाही डोकेदुखी होतीच. डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) डॉक्टरला विचारूनच, सल्फाची ॲलर्जी असेल तर आधी सांगा. एप्रिल-मे नको, पाऊस असतो. इन्शुरन्स ६००० मीटरपर्यंतचा आहे ना ते वाचून घ्या, बऱ्याच पॉलिसी त्याच्या खूप आधीच थांबतात.