गवत उपटायला एवढं शिकायचं कशाला?

पत्र:
सर, मी सोलापूरच्या पूर्व भागात टॉवेलच्या कारखान्यात कामाला आहे. मुलगी बारावी सायन्सला आहे, बायोलॉजी घेतलंय. मेडिकलची ‘नीट’ परीक्षा द्यायची नाही म्हणते. अकरावीत असताना प्रोजेक्टसाठी कंबर तलावावर जाऊन जलपर्णीचे फोटो काढले, तेव्हापासून डोक्यात तेच. बाहेरच्या देशांतून आलेल्या झाडांवर, किड्यांवर काम करायचं, त्यात सगळे देश मिळून काम करतात, असं सांगते. तलावातली जलपर्णी तर रोजंदारीवरची माणसं काढतात. त्यासाठी सहा वर्षं शिकायचं कशाला? एका एजंटानं परदेशातल्या कोर्सचे अठरा लाख सांगितलेत. तिला जरा समजवा.
– एक पालक, सोलापूर

उत्तर:
नमस्कार भाऊ,

तिला समजवा म्हणताय, पण आधी तुमच्याशीच बोलतो. तुमचा जन्म सुतात गेला, म्हणून रंगापासून सुरुवात करू.

कृत्रिम रंग येण्याआधी कापडाचा भारी लाल रंग एका किड्यापासून मिळायचा. नाव कोचिनील, मूळचा मेक्सिकोकडचा, निवडुंगावर वाढणारा. त्याचा व्यापार स्पेनच्या मुठीत होता. हा किडा हिंदुस्थानातच वाढवायचा आणि स्वस्तात रंग काढायचा, असा इंग्रजांचा बेत होता. १७९५ साली ब्राझीलहून किडे आणले, पण ते निघाले भलतेच. खऱ्या कोचिनीलचे भाऊबंद, पण रंगाला कुचकामी. धंदा बसला. किडे मात्र कामाला लागले. त्यांनी रस शोषून शोषून एका जातीचा निवडुंग मैलच्या मैल वाळवून टाकला. निवडुंगही बाहेरूनच आलेला, अमेरिका खंडातला. हे पाहून पुढे श्रीलंकेनं तो किडा आपल्याकडून नेला. १९२६ मध्ये दुसऱ्या जातीच्या निवडुंगासाठी वेगळा किडा आपण श्रीलंकेकडून आणला. तुमची लेक जे ‘सगळे देश मिळून’ म्हणते ना, त्याची आपल्याकडची सुरुवात अशी, चुकीच्या किड्यातून झाली. जहाजात चढवण्याआधी तो किडा नेमका कोणता, हे ओळखणारं कुणी असतं तर रंगाचा पैसा बुडाला नसता.

ओळखणं आणि वेळेत कळवणं, या दोन गोष्टींवर हे आक्रमक प्रजातींचं, म्हणजे बाहेरून येऊन माजणाऱ्या झाडाकिड्यांचं, सगळं क्षेत्र चालतं. उपटणं त्यानंतर येतं.

आता आपला कंबर तलाव. जलपर्णी दक्षिण अमेरिकेतली. फूल देखणं, जांभळं. खोटं कशाला बोलू, मीही एकदा नर्सरीतून दोन रोपं आणून गॅलरीतल्या टबात टाकली होती. महिन्याभरात टबातलं पाणी दिसेनासं झालं, तेव्हा कळलं काय आणलंय ते. पोकलेन लावून तलाव साफ केला की आपल्याला वाटतं काम झालं. पण तिचं बी तळाच्या गाळात वर्षानुवर्षं जिवंत राहतं आणि सांडपाणी येतच असतं, म्हणजे खतपाण्याची आयतीच सोय. ती फुलावर येण्याआधी काढायची की नंतर, काढलेला ढीग कुठं टाकायचा, वरचं सांडपाणी आधी अडवायचं का, हे रोजंदारीवरच्या माणसानं ठरवायचं नसतं. ते ठरवणारं माणूस बहुतेक ठिकाणी नसतं, म्हणून त्याच तलावावर पुन्हा पुन्हा पैसे जातात.

मक्यावरची लष्करी अळी गावाकडच्या पाहुण्यांना विचारा. डोक्यावर उलटा इंग्रजी वाय, शेपटीकडे चौकोनात चार ठिपके. मूळची अमेरिका खंडातली. २०१६ मध्ये आफ्रिकेत सापडली, मे २०१८ मध्ये कर्नाटकात शिवमोग्गा भागात, आणि त्याच वर्षी आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या मक्यावर. २०२० मध्ये ती ऑस्ट्रेलियात पोचली. आपल्याकडे आली तेव्हा आफ्रिकेतले शेतकरी आणि शास्त्रज्ञ दोन वर्षं तिच्याशी झगडत होते, त्यामुळे तिला ओळखायचं कसं, पोंग्यात, म्हणजे मक्याच्या मधल्या कोवळ्या पानांत, शोधायची कशी, वासानं पतंग पकडणारे कामगंध सापळे कसे लावायचे, हे आपल्याला शून्यातून शोधावं लागलं नाही. तरी नुकसान झालंच. २०१९ च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेनं या एकाच अळीसाठी जागतिक मोहीम काढली. शेतातलं निरीक्षण मोबाइलवर भरायचं आणि ते इतर देशांनी पाहायचं, असं ॲपही केलं. ते निरीक्षण भरतं कोण? शेतात उभं राहून अळी मोजणारी, तुमच्या लेकीसारखी पोरं.

पपईचा रस शोषणाऱ्या पांढऱ्या पिठ्या ढेकणाचंही असंच. २००८ मध्ये कोइमतूरला सापडला. अमेरिकेच्या कृषी खात्यानं प्वेर्तो रिकोत वाढवलेल्या, मुंगीहून बारीक, या ढेकणावर जगून त्याला मारणाऱ्या परजीवी माश्या २०१० मध्ये बंगळुरूला आल्या. तिथं आधी बंदिस्त प्रयोगशाळेत तपासल्या, मग सोडल्या. पपई वाचली.

पण सहकार्य म्हणजे सगळं गोडच, असं तिला वाटत असेल तर वेडी बाभूळ दाखवा. ती आपोआप आली नाही. सरपण मिळेल, माळ हिरवा होईल म्हणून मुद्दाम लावली. केनियातही १९८० च्या दशकात परदेशी मदतीच्याच प्रकल्पांतून लावली गेली. तिथल्या बारिंगो भागात ती इतकी माजली, की गोड शेंगा खाऊन शेळ्यांचे दात पडायला लागले आणि पशुपालक सरकारविरुद्ध कोर्टात गेले. शहाणपण देशोदेशी जातं तशी चूकही जाते, तीही शिक्के मारून. शिवाय आपल्याकडे याच बाभळीच्या कोळशावर कितीतरी घरं चालतात. उद्या ती काढा म्हणणाऱ्या अधिकाऱ्याला त्या घरांत जाऊन बसावं लागेल. हे पुस्तकातून येत नाही. तुमच्या लेकीला मराठी येतं, तेलुगू-कन्नड कानावर पडलेलं असेल, ते इथं डिग्रीइतकंच कामाला येतं.

आता पोटापाण्याचं. ‘आक्रमक प्रजाती तज्ज्ञ पाहिजे’ अशी जाहिरात मी तरी पेपरात पाहिलेली नाही. ही कामं दुसऱ्या नावांच्या नोकऱ्यांत असतात. बंदरावर, विमानतळावर आलेलं बियाणं, फळं, लाकूड तपासणारं केंद्राचं वनस्पती संगरोध खातं आहे, मुख्यालय फरिदाबादला. त्यातले वनस्पती संरक्षण अधिकारी यूपीएससीमार्फत घेतात, त्याला कीटकशास्त्र, रोगशास्त्र असल्या विषयात एमएस्सी लागते. भारतीय वनसेवेची परीक्षाही यूपीएससीच घेते, वनस्पतिशास्त्र किंवा कृषी पदवीवर देता येते. जबलपूरला तणांवर काम करणारी राष्ट्रीय संस्था आहे, बंगळुरूला कीटकांवरची. मत्स्य खातं आहे, विद्यापीठं आहेत, स्वयंसेवी संस्थांचे प्रकल्प आहेत. प्रकल्पांत सुरुवातीची काही वर्षं पगार बेताचा आणि नोकरी दोन-तीन वर्षांच्या कराराची. हे तिला आधीच माहीत असू द्या.

मागणी वाढेल का? माझं मत, हळूहळू वाढेल. २०२२ च्या डिसेंबरात मॉन्ट्रियलला देशांनी मिळून ठरवलं, की २०३० पर्यंत नव्या आक्रमक प्रजाती येण्याचं आणि रुजण्याचं प्रमाण निम्म्यावर आणायचं. पुढच्या वर्षी ४९ देशांच्या ८६ तज्ज्ञांनी जागतिक अहवाल काढला. त्यात अशा साडेतीन हजारांवर प्रजाती घातक ठरवल्या, आणि वर्षाचं नुकसान ४२३ अब्ज डॉलरच्या वर. कागदावर ठरलेलं तालुक्यात यायला आपल्याकडे किती वेळ लागतो, हे मी तुम्हाला काय सांगणार! पण काम आहे आणि माणसं कमी आहेत.

रस्ता म्हणाल तर मी तिला बीएस्सी ॲग्री सुचवेन. चार वर्षं, प्रवेश एमएचटी-सीईटीच्या गुणांवर, सरकारी कॉलेज मिळालं तर खर्च आवाक्यातला. आपण राहुरी कृषी विद्यापीठाच्या कक्षेत येतो. पदवी हातात असली की हे क्षेत्र जमलं नाही तरी बँक, एमपीएससी, बियाणं कंपनी असे दरवाजे उघडे राहतात. बापाच्या मनाला तेवढा आधार लागतो, मलाही लागला असता. सीईटी चुकली तर सोलापुरातच वनस्पतिशास्त्र किंवा प्राणिशास्त्र घेऊन बीएस्सी, त्यातही कमीपणा नाही. ॲग्रीची पदवी झाली तर पुढे आयसीएआरची, म्हणजे भारतीय कृषी संशोधन परिषदेची, प्रवेश परीक्षा देऊन कीटकशास्त्रासारख्या विषयात एमएस्सी. केगावचं राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र घराजवळ आहे, पदवीच्या काळात तिथं काही दिवस काम शिकायला मिळतंय का, ते तिनं स्वतः जाऊन विचारावं. तुम्ही सोबत जाऊ नका.

परदेश त्यानंतर. त्या एजंटाला नमस्कार करा आणि एक रुपयाही देऊ नका. बारावीवर अठरा लाख भरून मिळणारा कोर्स आणि पदवीनंतर शिष्यवृत्तीवर मिळणारा कोर्स यांत फरक आहे. युरोपातली इरास्मस मुंडस शिष्यवृत्ती फी भरते आणि वर महिन्याला १४०० युरो देते. त्यात वनस्पतींच्या आरोग्यावरचा एमएस्सी कोर्सही आहे. राज्य सरकारच्याही परदेश शिष्यवृत्ती आहेत, त्यांच्या अटी वर्षागणिक बदलतात, वेळ आली की बघू. दक्षिण आफ्रिकेत स्टेलनबॉश विद्यापीठात याच विषयाचं मोठं केंद्र आहे. तिकडचं हवामान, पाण्याची टंचाई बघता मला तर ते युरोपपेक्षा जवळचं वाटतं.

पावसाळ्यात तिला एक काम द्या. गाजरगवत तुम्ही हिप्परग्याकडे जाताना दोन्ही बाजूंना पाहताच. तेही अमेरिकेकडचं, पुण्यात १९५५ च्या सुमारास नजरेस आलं. ऑगस्टमध्ये त्याची पानं उलटून बघायची. पांढुरक्या पाठीवर काळपट तपकिरी रेघा असलेला, ज्वारीच्या दाण्याहून जरा मोठा भुंगा दिसला, तर तो मेक्सिकोचा. गाजरगवत खाऊन संपवावं म्हणून १९८३ साली बंगळुरूला आणला, पुढच्या वर्षी सोडला. तो सूर्यफुलावर दिसला तेव्हा शेतकऱ्यांनी आरडाओरडा केला, सरकारला समिती नेमावी लागली. आपल्याकडे सूर्यफूल होतं, म्हणून ही गोष्ट तिला नीट कळली पाहिजे. किती रोपं पाहिली, किती भुंगे, कुठं, कोणत्या तारखेला, पाऊस होता की नव्हता, एवढं वहीत. महिनाभर न कंटाळता केलं तर समजा पोरगी टिकेल. आठ दिवसांत कंटाळली, तर तेही आत्ताच कळलेलं बरं.

सीईटीचा फॉर्म भरलाय का, ते आज विचारा. आणि रविवारी दोघं या. येताना कंबर तलावाच्या प्रोजेक्टची वही आणा. फोटोंखाली तारखा लिहिल्यात का, ते मला बघायचंय.