१०२.६ कुणाला सांगितलंस?

ताई, माझी मुलगी नऊ महिन्यांची आहे. मिस्टर पुण्याला नोकरीला, शनिवारी येतात. घरात मी, बाळ आणि सासूबाई. मागच्या महिन्यात बाळाला ताप आला, पातळ शी सुरू झाली, दूधही घेईना. सासूबाई म्हणाल्या, ‘दात येतायत, आमची पोरं अशीच वाढली.’ मी थर्मामीटर काढला की त्या हसतात, ‘यंत्रं लावून पोर वाढवतेस होय!’ म्हणून मी बाळाला बाथरूममध्ये नेऊन ताप बघायचे, औषधाचे थेंब देऊनच बाहेर आणायचे. एकदा १०२.६ होता. मिस्टरांना फोनवर ‘जरा कणकण आहे’ एवढंच सांगितलं, उगाच काळजी नको. चौथ्या दिवशी बाळ मलूल पडलं, तेव्हा दवाखान्यात नेलं. सलाईन लावावं लागलं. डॉक्टर मलाच ओरडले. दात अजून आलेला नाही. आता परत लाळ गळतेय, चिडचिड चालू आहे आणि सासूबाईंचं ‘दात, दात’ही. हिरड्यांना टाकणखाराची (बोरॅक्सची) लाही मधातून लावू म्हणतात. या बाईला समजवायचं कसं? आणि दात येतायत हे ओळखायचं कसं?
— एक त्रासलेली आई, कराड


अगं त्रासलेल्या आई,

तुझ्या पत्रभर सासूबाई आहेत. थर्मामीटर जेमतेम दोन ओळींत येऊन गेलाय, आणि मी तिथंच अडले.

बाथरूममध्ये? कॉलेजची पोरं चोरून सिगारेट ओढतात तसा तू स्वतःच्या लेकीचा ताप बघतेस?

आता त्या तीन दिवसांत तुमच्या घरात काय झालं ते जरा माझ्या डोळ्यांनी बघ. १०२.६ तू पाहिलास. एकटीनं. मग औषध पाजलंस, ताप उतरायला लागल्यावर पोरीला बाहेर आणलंस आणि सासूबाईंच्या मांडीवर दिलंस. त्यांनी कपाळाला हात लावला. कपाळ कोमट. त्या म्हणाल्या, दाताचं असेल. त्यांच्या हाताला जे लागलं त्यावर त्या बोलल्या. नवऱ्याला ‘कणकण’ सांगितलीस, त्यानं कणकणीएवढी काळजी केली. घरातल्या दोघांनी चुकीचा अंदाज बांधला खरा, पण खरा आकडा त्या घरात एकाच माणसाला ठाऊक होता आणि ते माणूस गप्प होतं. डॉक्टर तुला ओरडले याचा तुला राग आलाय. मला नाही आला.

सासूबाई हसतात, हे मान्य. टोचतं, तेही मान्य. हसू देत की! हसण्यानं सलाईन लागत नाही.

आता दातांचं सांगते, कारण ते तुला नीट माहीत असायला हवं. २००० साली अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकच्या डॉक्टरांनी १२५ बाळांच्या आईवडिलांना कामाला लावलं. रोज दोनदा बाळाचा ताप मोजायचा, कुठली लक्षणं दिसली ते टिपायचं आणि कुठला दात कधी वर आला तेही टिपायचं. या नोंदी जुळवून पाहिल्यावर कळलं की दाताचा जो काही त्रास असतो तो आठच दिवसांचा: दात वर येण्याआधीचे चार, तो दिवस आणि नंतरचे तीन. त्या दिवसांत बाळं लाळ जास्त गाळतात, हाताला लागेल ते चावतात, हिरड्या चोळतात, कान ओढतात, कुरकुरतात, लाळेनं हनुवटीवर नि गालावर पुरळ येतं, वरचं खाणं जरा कमी होतं. अंग किंचित गरम होतं. बस्स. पातळ शी, उलटी, खोकला, दूध-पाणी नको म्हणणं आणि १०२ च्या वरचा ताप यांचा दाताशी काही संबंध निघाला नाही. म्हणजे तुझ्या पोरीला झालेलं जवळजवळ सगळंच दाताच्या यादीबाहेरचं होतं.

आणखी एक गोष्ट त्याच अभ्यासातली. दाताचं म्हणून जे जे दिसलं, त्यातलं कुठलंही एक लक्षण फार तर तिसऱ्या हिश्शाच्या आसपास बाळांतच होतं. बऱ्याच पोरांचा दात गुपचूप येतो, खिमटी भरवताना चमच्याला टक्‌ वाजतो तेव्हा घराला कळतं. त्यामुळे लक्षणांवरून ‘दातच’ असं छातीठोक सांगणारी सासू, आई, शेजारीण, डॉक्टर, कुणीही असो, ते अंदाज बांधतायत. खात्री करायची तर हात स्वच्छ धुऊन खालच्या हिरडीवर पुढच्या बाजूला बोट फिरव. हिरडी फुगलेली, टणक लागली, खाली पांढुरकी कड दिसली, तर दात जवळ आलाय.

मग दात आणि जुलाब यांची जोडी इतक्या पिढ्या टिकली कशी? कारण दोन्ही एकाच वयात येतात. साधारण सहाव्या महिन्यापासून आईकडून पोटातच मिळालेली प्रतिकारशक्ती ओसरते. त्याच सुमाराला वरचं खाणं सुरू होतं, पोर रांगायला लागतं आणि फरशीवरचा खुळखुळा, चप्पल, मांजराची शेपटी, सगळं तोंडात. जंतूंना आणखी काय हवं? दात त्या वेळी नेमका तिथं असतो म्हणून आळ त्याच्यावर येतो. हे खूळ एकट्या तुझ्या सासूबाईंचं आहे असंही समजू नकोस. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या सरकारी मृत्यूनोंदीत ‘दात येणे’ हे बाळाच्या मृत्यूचं कारण म्हणून लिहीत. वर दातांसाठी पारा असलेल्या पुड्या पाजत, त्या तर विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चालू होत्या.

आता तुझा मुख्य प्रश्न, सासूबाईंना समजवायचं कसं. नको समजावूस. त्यांचं मत बदलण्याची वाट बघत बसलीस, त्यातच मागचे तीन दिवस गेले.

तू एवढंच करायचंस. थर्मामीटर बाथरूममधून काढ आणि बाहेरच्या खोलीत, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर ठेव. शेजारी वही-पेन. पोरीचं अंग गरम वाटलं की सासूबाईंच्या समोर बसून काखेत लाव, बीप झाला की आकडा मोठ्यानं वाच, लिही, आणि औषध त्यानंतर दे. दिलेल्या औषधाची वेळही लिही. नवऱ्याला फोनवर तोच आकडा सांग. ‘कणकण’, ‘जरासं’, ‘तसं ठीक आहे’ हे शब्द बंद. १००.४ च्या आत असेल तर सासूबाईंना खुशाल म्हणू दे, दात येतायत. कदाचित येतही असतील. पण १००.४ किंवा वर गेला, तर तो ताप आहे. कुणी काहीही म्हटलं तरी डॉक्टरांना त्याच दिवशी कळवायचं. आणि पोर दूध घेत नसेल, सहा तासांत लघवी झाली नसेल, रडताना डोळ्यांत पाणी येत नसेल, डोक्यावरची टाळू खोल गेली असेल, शीतून रक्त पडलं असेल किंवा पोर मलूल असेल, तर आकडा कितीही असो, फोन करत बसायचं नाही. रिक्षा करायची आणि दवाखाना गाठायचा. परवानगी मागू नकोस. ‘चाललेय’ एवढं सांग.

पहिले काही दिवस त्या हसतील. तुझा आवाज कापेल. कापू दे, आकडा ऐकू आला म्हणजे झालं.

टाकणखार-मधाबद्दल मात्र घासाघीस नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवायचा नाही. त्यात असू शकणाऱ्या एका जंतूचे बीजाणू बाळाच्या आतड्यात वाढून विष तयार करतात आणि बाळाचे स्नायू लुळे पडू शकतात. टाकणखार तर बाळाला सरळ सरळ विषारी. हिरडी बधिर करणारी जेलंही नकोत. हिरड्या शिवशिवत असतील तर स्वच्छ मऊ फडकं ओलं करून फ्रीजमध्ये गार करून चघळायला दे. बर्फासारखं कडक नको. आणि धुतलेल्या बोटानं हिरडी हळूहळू चोळायची. हे काम सासूबाईंना दे. लाही त्यांना लावायचीच होती ना? बोट तेच राहील, वरचा लेप तेवढा जाईल.

पुन्हा जुलाब झाले तर जलसंजीवनीचं पाकीट घरात असू दे. बाटलीतलं गोड पेय नव्हे, पावडरीचं पाकीट. एक लिटरचं असेल तर सगळं एकदम एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात मिसळ आणि प्रत्येक पातळ शीनंतर पाव ते अर्धा कप, चमच्याचमच्यानं पाज. चोवीस तासांनी उरलेलं ओतून दे. अंगावरचं दूध चालू ठेव. झिंकचं औषध डॉक्टर लिहून देतील, ते जुलाब थांबले तरी चौदा दिवस पुरं करायचं.

नऊ महिने झाले तरी दात नाही, याचा घोर लावून घेऊ नकोस. काहींना चौथ्या महिन्यात येतो, काहींचा पहिला वाढदिवस बोळक्यानंच होतो. वर्ष उलटून महिना-दोन महिने गेले तरी काहीच दिसलं नाही, तर दाताच्या डॉक्टरांना दाखव. आणि वरचा दात आधी आला तर मामाला जड जातो असं कुणी म्हटलं, तर तुझ्या भावाला सांग, भाचीला चांदीची वाटी घेऊन ये. त्यात कुणाचंच काही बिघडत नाही.