सिलिॲक आहे आणि आता पायात रक्ताची गुठळी झालीय. दोन्हींचा काही संबंध असू शकतो का?

असू शकतो. "पोटाचा आजार, त्याचा पायाशी काय संबंध" हे मी आमच्या भावजींच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की तुमचा प्रश्न बघून गप्प बसवेना.

माझ्या ताईला सिलिॲक आहे, म्हणजे गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतड्याचं अस्तर खराब होणारा आजार. तिची पोटरी सुजली, गरम लागायची, चालताना दुखायची. डॉक्टर म्हणाले स्नायू आखडलाय आणि पेनकिलर देऊन घरी पाठवलं. सूज मांडीकडे सरकायला लागली तेव्हा मी हट्टाने डॉपलर (पायाच्या शिरांची सोनोग्राफी) करायला लावली, तर डीव्हीटी, म्हणजे खोल शिरेतली गुठळी, निघाला. ना लांबचा प्रवास, ना ऑपरेशन, ना गर्भनिरोधक गोळ्या. पुढे रक्ताच्या स्पेशालिस्टनी होमोसिस्टीन (रक्तातलं एक अमिनो आम्ल) तपासलं, ते चढलेलं, बी१२ आणि फोलेट तळाला. आतड्याचं अस्तर खराब झालं की ही जीवनसत्त्वं शोषलीच जात नाहीत, मग होमोसिस्टीन वाढतं आणि गुठळीला वाट मिळते. त्यात अंगात कायमचं इन्फ्लमेशन, आयर्न कमी झालं की प्लेटलेट वाढतात, काहींची प्लीहाही नीट काम करत नाही. व्हिटॅमिन के कमी पडलं तर दोन्हीकडून मार, एकीकडे रक्तस्रावाची भीती आणि दुसरीकडे गुठळी आवरणारी प्रोटीन सी आणि एस पण त्याच के वर चालतात. स्वीडनमध्ये १४,००० सिलिॲक पेशंट्सच्या नोंदी तपासून २००७ मध्ये पेपर आला होता, त्यातही धोका इतरांपेक्षा जास्तच दिसला.

आता भावजींचं नवीन लॉजिक, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे ना, मग एखादं बिस्किट खाल्लं तर काय बिघडतं! अहो, गोळी गुठळीसाठी आहे, आतडं त्याने बरं होत नाही, त्याला ग्लूटेन पूर्ण बंदच करावं लागतं. आणि ती गोळी वॉर्फरिन असेल तर आतडं सुधारताना आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा) हलू शकतो, त्यामुळे डाएट बदलताय हे डॉक्टरांना सांगाच.

हां, घाबरू नका, बहुतेक सिलिॲकवाल्यांना गुठळी कधीच होत नाही, आणि तुमची त्यामुळेच झाली असं मी इथून सांगू शकत नाही. मनाने ॲस्पिरिन वगैरे सुरू करू नका. धाप लागली किंवा छातीत दुखलं तर मात्र तडक इमर्जन्सीत.

घरातल्यांचीही टीटीजी (सिलिॲकची रक्ततपासणी) करून घ्या, हा आजार कुटुंबात चालतो, फक्त टेस्टच्या आधी त्यांचं ग्लूटेन बंद करू नका नाहीतर खोटी निगेटिव्ह येते. ताईच्या पोरांची अजून केलेली नाही. का, तर भावजी म्हणतात, "त्यांना काय धाड भरलीय?"