भोकांच्या फळ्या आणि तबल्याचा रियाज

प्रश्न : गिरगावातल्या चाळीत आमची छोटी खोली आहे. मुलगा काळी एकच्या तबल्यावर रियाज करतो. सुतार म्हणतो, भिंतींना भोकं पाडलेल्या प्लायच्या फळ्या ठोका, शेजाऱ्यांना आवाज जाणार नाही. पण भोकांतून आवाज उलट जास्तच जाईल ना? – एक वाचक, गिरगाव

उत्तर : तुमची शंका अगदी रास्त आहे. नाट्यगृहांच्या ध्वनिरचनेचं काम करताना अशा फळ्या शेजाऱ्यांकडे जाणारा आवाज अडवतात हा गैरसमज मला सतत भेटतो, आणि त्यापायी लोकांचे कष्टाचे पैसे जातात याचं मला वाईट वाटतं.

काळी एक म्हणजे सुमारे 277 हर्ट्झ, सेकंदाला तितकी कंपनं. त्या तरंगाची लांबी सव्वा मीटर आणि भोक जेमतेम 6 मिमीचं, तरी आवाज पलीकडे जातोच. तरंगाला भोकात मावावं लागत नाही. दाब बदलला की भोकातली हवा पुढेमागे हलते आणि पलीकडची हवा हलवते. या इवल्या हवेलाही वजन असतं, म्हणून तार स्वरांना ती झटपट हलवणं जड जातं. खर्ज मात्र सहज निघून जातो. डग्ग्याची घुमक तर फळी जणू नाहीच अशी जाईल.

मग या फळ्या लावतात कशाला? खोलीतला घुमारा कमी करायला. फळी भिंतीपासून सुटी ठेवली की मागची कोंडलेली हवा स्प्रिंगसारखी वागते आणि ठरावीक स्वराला भोकातली हवा जोरात डोलते. 19व्या शतकात जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी पोकळ गोळ्यांवर हेच अभ्यासलं. मागे ग्लासवूल (काचेच्या तंतूंचा कापूस) असेल तर त्या डोलण्यातली शक्ती घर्षणात जिरते. 12 मिमी प्लाय, इंचा-इंचावर 6 मिमीची भोकं आणि मागे 5 सेंमी पोकळी असेल, तर तो स्वर साधारण 390 हर्ट्झला येतो. पोकळी 10 सेंमी केली की जवळजवळ काळी एकवर, 20 सेंमी केली की 390 हर्ट्झच्या एक सप्तक खाली. सुताराला आधी विचारा, पोकळी किती ठेवणार? फळी थेट भिंतीला ठोकली तर ती नुसती शोभा.

भोक 1 मिमीहून बारीक असेल तर ग्लासवूलही लागत नाही. भोकाच्या कडेला घर्षणाने रेंगाळणारा हवेचा थर 500 हर्ट्झला सुमारे 0.1 मिमी जाड असतो. अर्ध्या मिमीच्या भोकाचा बराच भाग तोच व्यापतो. चीनचे ध्वनिशास्त्रज्ञ मा दायौ यांनी 1975 मध्ये याचं गणित मांडलं. बॉनमधल्या जर्मन संसदेच्या काचेच्या गोल सभागृहात 1992 मध्ये आवाजाचा गोंधळ झाला, तेव्हा अशीच भोकं पाडलेले पारदर्शक अ‍ॅक्रिलिकचे पत्रे कामी आले.

शेजाऱ्यांसाठी मात्र लागतं वजन आणि फटी बुजवणं. भिंत कितीही जाड असो, तिच्या क्षेत्रफळाच्या 1 टक्का जागा उघडी राहिली तरी अडवणूक 20 डेसिबलच्या आसपासच अडकते. म्हणून पहिला खर्च दारावर करा : भरीव फळीचं दार, चौकटीला रबराची पट्टी, वरचं व्हेंटिलेटर बंद. जमीन जुन्या लाकडी तक्तपोशीची असेल तर तबल्याखाली जाड रबर घाला. डग्गा खालच्या बिऱ्हाडात तिथूनच उतरतो.

एवढं करून पैसे उरले तर फळ्या जरूर लावा, मुलाला स्वतःचे बोल स्वच्छ ऐकू येतील. फक्त रंगाऱ्याला भोकांवर जाड हात मारू देऊ नका.