सही केली, आता पुढे काय? वाचकांचे प्रश्न

मध्य अमेरिकेतल्या होंडुरासमध्ये धरणाविरुद्ध लढताना मारल्या गेलेल्या बेर्ता कासेरेसबद्दल लिहिलं तेव्हापासून, अशा लांबच्या लढ्यांना इथून मदत कशी करायची, हेच प्रश्न इनबॉक्समध्ये फिरून फिरून येतायत. प्रत्येकाला वेगळं उत्तर देणं आता जमत नाही, म्हणून इथेच देते.

व्हॉट्सअ‍ॅपवर आलंय की आज रात्री बारापर्यंत दहा लाख सह्या झाल्या तर युनोला अ‍ॅमेझॉनमधला प्रकल्प थांबवावाच लागेल. खरं आहे का?

नाही. युनोकडे सह्या मोजायचं असलं कुठलं मीटर नाहीये.

मग पत्रं लिहून तरी काय होतं? आणि मराठीत लिहिलं तर चालेल का?

इंग्रजीत लिहा, स्पॅनिश येत असेल तर उत्तमच. अ‍ॅम्नेस्टी या मानवाधिकार संघटनेने 1973 मध्ये ब्राझीलच्या एका अटकेतल्या प्राध्यापकासाठी पहिली तातडीची हाक दिली, म्हणजे सगळ्यांनी लगेच तिथल्या सरकारला पत्रं लिहा असं आवाहन केलं, तेव्हापासून ही पद्धत चालू आहे, आणि तिचा हिशोब साधा आहे, पकडणाऱ्याला कळलं पाहिजे की या माणसाचं नाव लांबच्या लोकांनाही माहितीय. नाव, गाव, तारीख आणि एकच नेमकी मागणी, एवढं पुरे. शिव्या नकोत. आणि मागणी स्वतःच्या मनाने वाढवू नका, तिथली संघटना जे मागतेय तेवढंच मागा, कारण तुमच्या जोरदार वाक्याचा भुर्दंड तिथे दुसऱ्याला पडतो.

एखाद्या कार्यकर्त्याला आलेली धमकी खरी आहे हे सिद्ध होईपर्यंत थांबलेलं बरं ना? दोन्ही बाजू कळायला हव्यात.

हा प्रश्न आला की माझं डोकं फिरतं, तेव्हा जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

बेर्ता होंडुरासच्या लेंका या आदिवासी समाजाची. 1993 मध्ये तिने आणि सोबत्यांनी कोपिन ही संघटना काढली. ग्वालकार्के नदी लेंकांसाठी पवित्र, तिच्यावर आग्वा सार्का नावाचं धरण येणार होतं, आणि गावाला नीट विचारलंच नव्हतं. आदिवासींच्या भागात काही करण्याआधी त्यांना विचारा असं सांगणारा आयएलओचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा, 169 क्रमांकाचा करार होंडुरासने 1995 मध्येच मान्य केलाय, म्हणजे आधी विचारणं ही काही मेहरबानी नव्हती. 2013 मध्ये नदीकाठच्या रिओ ब्लांकोच्या लोकांनी धरणाचा रस्ता अडवला. त्याच जुलैत तोमास गार्सिया या लेंका कार्यकर्त्याला सैनिकाने गोळी घालून मारलं. चिनी ठेकेदार सायनोहायड्रो त्याच वर्षी बाहेर पडला. पुरावा हवा होता ना? हा घ्या, 2013 चा.

बेर्ताला संरक्षण द्या असं आंतर-अमेरिकी मानवाधिकार आयोगाने सरकारला 2009 मध्येच सांगितलेलं, कागदावर. 2015 मध्ये तिला पर्यावरणासाठीचा गोल्डमन पुरस्कार मिळाला, सगळ्यांना वाटलं आता एवढ्या नावाच्या बाईला कोण हात लावणार. 2 मार्च 2016 च्या रात्री ला एस्पेरान्सा गावात घरात घुसून तिला मारलं. तरी पैसे देणाऱ्यांपैकी डच विकास बँक एफएमओने हप्ते कधी थांबवले? 15 मार्चला नेल्सन गार्सिया, कोपिनचाच अजून एक माणूस, मारला गेला त्यानंतर. एफएमओ आणि फिनलंडची फिनफंड कर्जातून पूर्ण बाहेर पडायला जुलै 2017 उजाडला. 2018 मध्ये सात जण दोषी ठरले, 2021 मध्ये धरण कंपनीचा प्रमुख दाविद कास्तियोही, जो आधी लष्करी गुप्तचर खात्यात होता.

दोन्ही बाजू तेव्हा कळल्याच, कोर्टाने लिहून दिल्या. पण ज्यांनी वेळीच डच बँकेला विचारायला हवं होतं की हा पैसा तुमच्या नावावर का जातोय, त्यांनी 2016 मध्ये मेणबत्त्या लावल्या. त्यामुळे माझं म्हणणं एवढंच की कर्ज कुणाचं, ठेका कुणाचा, विमा कुणाचा हे आधी शोधा, आणि काय बोलायचं, कधी बोलायचं ते तिथल्या संघटनेला विचारून ठरवा. विचारणं म्हणजे थांबणं नव्हे, एका मेलचं काम आहे.

आदिवासींच्या मदतीसाठी टीशर्ट विकणारी एक साइट सापडली, घेऊ का?

टीशर्ट आवडला असेल तर घ्या. मदत म्हणून घेत असाल तर आधी विचारा की कुठल्या संघटनेला, किती, कधी पोचलं. ‘नफ्यातला काही भाग’ म्हणजे किती हे न सांगणाऱ्यांचा मला भयंकर राग येतो, पिसं लावलेला चेहरा छापून पोट भरतात. परदेशात थेट पैसे पाठवायचे असतील तर सीएला विचारल्याशिवाय पाठवू नका.

मेक्सिकोला फिरायला जातेय. आंदोलनाच्या गावात जाऊन पाठिंबा दाखवू का? फोटो टाकेन.

नको. परदेशी माणसाने राजकारणात पडू नये असं मेक्सिकोच्या घटनेच्या 33 व्या कलमातच आहे. पीस ब्रिगेड्स इंटरनॅशनलसारख्या संघटनांचे लोक धमक्या आलेल्यांसोबत निशस्त्र राहतात खरं, पण ते प्रशिक्षण घेऊन आणि बोलावल्यावर जातात. आणि फोटोचं म्हणाल तर मागचा डोंगर, घराचं दार, लोकेशन, यावरून माणूस सापडतो. फोटोतल्याला विचारल्याशिवाय टाकायचा नाही.

बाहेरच्यांनी आपल्या देशात असं नाक खुपसलं तर आपल्याला चालेल का?

खुपसलंय की! नर्मदेच्या वेळी. अक्कलकुव्यातल्या मणिबेलीपासून लोक लढत होते, आणि कर्ज होतं जागतिक बँकेचं, म्हणजे बाहेरचे आधीच आत होते. वॉशिंग्टनपर्यंत आवाज गेला, बँकेला प्रकल्प तपासायला मोर्स समिती नेमावी लागली, 1992 चा अहवाल बँकेलाच झोंबला आणि मार्च 1993 मध्ये उरलेलं कर्ज भारताने नको म्हटलं. धरण तरीही झालं, 138.68 मीटरचं, हेही सांगायला हवं. बाहेरचा आवाज कर्ज अडवू शकतो, गाव बुडायचं थांबवेलच याची खात्री नाही.

माझ्या मामेभावाच्या गावात खाणीविरुद्ध ठराव झाला, तेव्हापासून त्याला रात्री फोन येतायत. युनोला लिहू का?

त्याच्या संमतीशिवाय नाही, युनोचे विशेष प्रतिवेदक, म्हणजे अशा तक्रारी बघणारे स्वतंत्र तज्ज्ञ, तेही ती विचारतात. आज करायचं ते असं, कॉल रेकॉर्ड डिलीट करू नका, नंबर आणि वेळा वहीत लिहा, पोलिसांत लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या, ग्रामसभेच्या ठरावाची सहीशिक्क्याची प्रत गावाबाहेर कुणाकडे तरी ठेवा. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगात मानवाधिकार रक्षकांसाठी वेगळा संपर्क अधिकारी आहे, तिकडेही अर्ज जातो. पण वनहक्काची कामं केलेला वकील आधी गाठा, या आठवड्यात, खाणीची सुनावणी होऊन गेल्यावर नाही.