‘१०० टक्के नैसर्गिक’ फेस ऑइल वापरूनही गालांवर काळपट डाग का पडले?

तुम्ही लिहिलंय की बाटलीवर ‘१०० टक्के नैसर्गिक, कृत्रिम सुगंध नाही’ असं छापलेलं होतं, तेलाला वास छान होता, आणि काही आठवड्यांत गालांवर नि कानशिलांजवळ काळपटपणा आला. खाज फारशी नाही. डाग जावेत म्हणून तुम्ही तेच तेल आता दोन्ही वेळा लावताय. कृपा करून ते आजच थांबवा.

मी सौंदर्यप्रसाधनांचे फॉर्म्युले बनवण्याचं काम करते. असं वाक्य शब्दशः खरं असू शकतं: प्रयोगशाळेत बनवलेलं परफ्यूम घातलेलं नसतं, त्याऐवजी लॅव्हेंडर, जिरेनियम, गवती चहा, संत्र्याची साल यांची इसेन्शियल ऑइल्स, म्हणजे वनस्पतींतून काढलेली सुगंधी तेलं, घातलेली असतात. पण लिनालूल हा सुगंधी पदार्थ घ्या: तो लॅव्हेंडरमधून आला काय किंवा कारखान्यातून आला काय, रेणू एकच, आणि ज्याला त्याची ॲलर्जी आहे त्याची त्वचा दोन्हींना सारखीच उत्तर देते.

‘पण ते अगदी थोडं असतं ना?’ असं मला नेहमी विचारतात. युरोपीय संघाच्या नियमानुसार, धुऊन न टाकण्याच्या उत्पादनात लिनालूल ०.००१ टक्क्यापेक्षा जास्त असेल तर त्याचं नाव लेबलवर वेगळं लिहावंच लागतं. आता फेस ऑइलमध्ये लॅव्हेंडर तेल १ टक्का धरा. त्यात साधारण एक तृतीयांश लिनालूल असतं, म्हणजे चेहऱ्यावर जाणाऱ्या तेलात ०.३ टक्के. त्या मर्यादेच्या ३०० पट! शिवाय लिनालूल आणि संत्र्या-लिंबाच्या सालीतलं लिमोनिन हवेशी संयोग पावून बदलतात, आणि बदललेले पदार्थ मूळ पदार्थापेक्षा जास्त ॲलर्जी आणतात. बाथरूममध्ये ठेवलेली, रोज उघडली जाणारी अर्धी बाटली म्हणूनच नव्या बाटलीपेक्षा जास्त त्रास देऊ शकते.

आता काळपटपणाबद्दल, कारण मला खरी काळजी त्याचीच वाटते. गोऱ्या त्वचेवर सुगंधाची ॲलर्जी लाल चट्ट्यांनी कळते. आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेवर तो लालसरपणा बरेचदा दिसतही नाही, आणि कधीकधी थेट करड्या-तपकिरी छटेनेच ती उमटते. त्वचारोगतज्ज्ञ याला पिग्मेंटेड कॉन्टॅक्ट डर्मटायटिस म्हणतात. जपानमध्ये १९७० च्या दशकात सौंदर्यप्रसाधनांमुळे असे रुग्ण दिसले, तेव्हा रंगांबरोबर सुगंधी द्रव्यंही कारण ठरली होती. आपल्याकडे याला वांग समजतात आणि वांगावर म्हणून आणखी एक सुगंधी तेल चोळतात. तुमचं नेमकं हेच आहे की साधं वांग, हे मी इथून सांगू शकत नाही. पण तेल सुरू केल्यावर डाग आले, हा दुवा सोडून देण्यासारखा नाही.

बाटली उलटी करून घटकांची यादी शेवटून वाचा. १ टक्क्यापेक्षा जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने लिहितात, म्हणून सुगंध बहुधा शेपटीला सापडतो. ‘परफ्यूम’, ‘फ्रॅग्रन्स’, ‘अरोमा’ हे तर शोधाच, पण लॅटिन नावंही बघा: लॅव्हेंड्युला (लॅव्हेंडर), पेलार्गोनियम (जिरेनियम), सिट्रस (संत्रं-लिंबू), सिम्बोपोगॉन (गवती चहा). सिट्रसपैकी बर्गमॉटचं तेल दिवसा लावू नका. त्यातल्या बर्गाप्टेनमुळे उन्हात त्वचा भाजल्यासारखी होऊन डाग राहू शकतात. ‘अनसेंटेड’ म्हणजे सुगंधरहित असंही नाही, मूळ वास झाकायला सुगंध घातलेला असू शकतो. कुंकुमादी तेलाचंही तेच: तिळाच्या तेलात औषधी शिजवलेल्या त्या तेलाला जड, कढवल्यासारखा वास येतो. बाटलीतून गुलाबाचा घमघमाट येत असेल, तर तो वरून घातलेला आहे. रोझहिपच्या (जंगली गुलाबाच्या फळाच्या) बियांच्या तेलालाही गुलाबाचा वास नसतोच.

डाग असेपर्यंत कुठलंही नवं तेल चेहऱ्याला लावू नका, उन्हापासून जपा, सनस्क्रीनही सुगंधरहित घ्या. त्वचारोगतज्ज्ञांकडे जाऊन पॅच टेस्टबद्दल, म्हणजे कशाची ॲलर्जी आहे ते शोधणाऱ्या तपासणीबद्दल, स्पष्ट विचारा. पाठीवर पट्ट्या ४८ तास ठेवून काढतात आणि पुढे एक-दोन दिवसांनी पुन्हा तपासतात. जाताना ती बाटली खोक्यासकट न्या, फेकू नका. तुमचं स्वतःचं तेलही पट्टीवर लावून तपासता येतं. डाग जायला कित्येक महिने लागू शकतात, तेव्हा पंधरा दिवसांत फरक दिसला नाही म्हणून ‘उजळ करणारं’ दुसरं काही लावायला घेऊ नका.