मूल होत नाही म्हणून जोडपं दवाखान्यात येतं तेव्हा

कोल्हापूर परिसरातल्या फॅमिली डॉक्टरांनी विचारलेले काही प्रश्न.

लग्नाला आठ महिने झालेल्या सुनेला सासूबाई घेऊन येतात आणि 'गोळ्या सुरू करा' म्हणतात. काय करावं? (कागल)

गोळ्या नकोत. सासूबाईंना बाहेर बसवा आणि सुनेशी एकटीशी बोला. संबंध येतात का, दुखतं का, नवरा नोकरीसाठी पुण्याला असतो का, हे ती सासूसमोर सांगणार नाही. तिनं सांगितलेलं तुमच्यापाशीच राहू द्या, ते घर कितीही जुनं पेशंट असलं तरी. वर्षभर प्रयत्न करूनही दिवस गेले नाहीत तर तपासण्या करा. बाईचं वय पस्तिशीपुढे असेल तर सहा महिन्यांनीच. पाळी अनियमित असेल किंवा पूर्वी टीबी झाला असेल तर तेवढंही थांबू नका, कारण टीबीनं गर्भनलिका बंद होऊ शकतात. तोवर फोलिक ॲसिड रोज 400 मायक्रोग्रॅम द्या. आणि कळकळीनं सांगतो, नवऱ्याचा वीर्यतपासणीचा रिपोर्ट हातात आल्याशिवाय क्लोमिफिन (बायकोचं स्त्रीबीज तयार व्हावं म्हणून द्यायची गोळी) लिहू नका. दोष नवऱ्यात आणि गोळ्या बायकोला, यात तिची उमेदीची वर्षं जातात.

नवरा फाउंड्रीत भट्टीवर आहे. तपासणीला तयारच नाही. (शिरोली)

त्याच्या मर्दानगीवर शंका नाही, हे आधी त्याला स्पष्ट सांगा. भट्टीची सततची उष्णता आणि तंबाखू-मावा यांचा शुक्रजंतूंवर परिणाम होऊ शकतो. जिममध्ये इंजेक्शनं घेतो का, तेही विचारा. बाहेरून टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन) घेतलं की शरीरात शुक्रजंतू बनणंच थांबू शकतं. पीळदार तरुणांच्या बाबतीत हे हमखास विचारायचं राहून जातं. नमुन्याआधी 2 ते 7 दिवस संबंध आणि हस्तमैथुन दोन्ही टाळायला सांगा. रिपोर्ट खराब आला तर लगेच निष्कर्ष काढू नका, तपासणी पुन्हा करा. नवे शुक्रजंतू तयार व्हायला सुमारे तीन महिने लागतात, म्हणून सवय सुटल्याचा फरकही त्यानंतरच दिसेल.

आयव्हीएफसाठी (टेस्ट ट्यूब बेबी) सेंटर कसं निवडावं?

2021 च्या सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान (एआरटी) कायद्याखाली नोंदणी आहे का, ते पाहा. वयाची मर्यादाही आधीच सांगा: स्त्रीला 21 ते 50, पुरुषाला 21 ते 55.

आयव्हीएफ फसलं. ती आता ताप-खोकल्यासाठी येते, पण रडते. (गडहिंग्लज)

'टेन्शन घेऊ नका, होईल' किंवा 'दत्तक घ्या' असं त्या दिवशी म्हणू नका. तिला बोलू द्या. झोप, जेवण विचारा. मरणाचे विचार येतात का, हेही सरळ विचारा. विचारल्यानं ते वाढत नाहीत. येत असतील तर तिला एकटीला घरी पाठवू नका, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबरही लिहून द्या, तिथं मराठीत बोलता येतं.